घाटातून वरचेवर जाणाऱ्या कुटुंबाने लहान क्रॉसओव्हर घ्यावी का?

ओणीकर (प्रश्न)

नमस्कार. आमची जुनी हॅचबॅक आता बदलायला झाली आहे आणि घरातल्या सगळ्यांचा कल चार मीटर लांबीच्या आतल्या लहान क्रॉसओव्हरकडे, म्हणजे हॅचबॅकपेक्षा उंच बांधणीच्या गाडीकडे आहे. पंच, एक्स्टर, फ्रॉन्क्स आणि मॅग्नाइट या गाड्या शोरूममध्ये जाऊन पाहिल्या, त्यांतल्या काही चालवूनही पाहिल्या. परंतु विक्रेत्याला शेजारी बसवून बाणेरच्या सपाट रस्त्यावर मारलेल्या फेरीत आमच्या उपयोगाचे फारसे काही कळत नाही. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांना विचारावे, तर उत्तरे अगदी दोन टोकांची मिळतात. कार्यालयातले एक सहकारी आपल्या गाडीचे तोंड भरून कौतुक करतात, आणि माझ्या आतेभावाने तशाच गाडीला कंटाळून ती विकून टाकली. दोघेही जबाबदारीने गाडी चालवणारे आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करणारे आहेत, म्हणून हा फरक नेमका कशामुळे पडतो ते मला समजून घ्यायचे आहे.

आमची गरज अशी आहे. रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी, म्हणजे बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणि डावा पाय क्लचवर. त्यातून सुटका झाली तर हवी आहे. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आम्ही गावी जातो. गाव राजापूर तालुक्यात ओणीच्या पुढे आहे आणि आम्ही कराड, मलकापूरवरून अणुस्कुरा घाट उतरून पाचलमार्गे जातो. मुख्य रस्ता सोडल्यावर घरापर्यंतची वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना गडगे (दगड रचून केलेली कुंपणे) आहेत आणि शेवटचा चढ पावसाळ्यात शेवाळलेला असतो. आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. आईच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे आणि घाटात तिला गाडी लागते, अगदी पुढच्या सीटवर बसवले तरी लागते.

उंच गाडीचा अशा प्रवासात खरोखर उपयोग होतो का, गिअर आपोआप बदलणारी गाडी घ्यायची तर ती कोणत्या प्रकारची घ्यावी, आणि ज्यांनी अशी गाडी घेऊन विकली त्यांनी ती का विकली, हे कृपया सविस्तर सांगावे.

घाटमाथा

माझ्याकडे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन आणि एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गिअरबॉक्स असलेली लहान क्रॉसओव्हर आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या एका गाडीचे वैशिष्ट्य नसून गिअरबॉक्सच्या प्रकाराचे आहे.

शहरात या गाडीने मला खरोखर सुख दिले. सिग्नल सुटला की ब्रेकवरून पाय उचलायचा, गाडी आपसूक सरकू लागते. संध्याकाळी चांदणी चौकात अडकल्यावर पूर्वी गुडघा दुखायचा, तो आता दुखत नाही. ॲव्हरेजही मॅन्युअल गाडीच्या जवळपास मिळते, कारण एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे एवढी दोन कामे माणसाऐवजी यंत्रणा करते. आपल्याकडे हा प्रकार २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला आणि इतर ऑटोमॅटिकपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे लहान गाड्यांत झपाट्याने पसरला.

घाटात मात्र हीच गाडी वेगळी वाटते. आम्ही कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो. परतताना घाट चढताना वळण आले की आपण ॲक्सिलरेटर सोडतो. त्यावरून यंत्रणा समजते की आता जोर नको, आणि ती वरचा गिअर टाकते. वळण संपून चढ समोर आला की आपण पुन्हा पाय दाबतो, तेव्हा तिला खालचा गिअर टाकायला क्षणभर लागतो आणि तेवढ्या वेळात इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचतच नाही. गाडी आधी अडखळते आणि मग एकदम ओढ घेते. आत बसलेल्या माणसाचे डोके पुढे जाते, मग मागे आपटते, आणि हे प्रत्येक वळणावर होत राहते. माझ्या पत्नीला या गाडीच्या आधी कधी गाडी लागली नव्हती. आता पोफळी सोडली की ती लिंबू हातात घेऊन बसते.

यावर उपाय आहे आणि तो चांगला लागू पडतो. घाट सुरू होण्याआधी गिअरचा दांडा मॅन्युअलवर घ्यावा आणि वळणात शिरण्याआधीच दुसरा गिअर टाकून ठेवावा, म्हणजे धक्के जवळजवळ थांबतात. उतरताना तर गाडी ‘डी’वर, म्हणजे गिअर आपोआप बदलण्याच्या स्थितीत, ठेवूच नये, कारण उतारावर ती वरवरचे गिअर टाकत जाते, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो. परंतु हे सगळे करायचे म्हणजे घाटात आपण पुन्हा हाताने गिअर बदलूनच गाडी चालवतो.

मी गाडी विकणार नाही, कारण माझा बहुतेक प्रवास शहरातला आहे. तुमच्या आईंचा त्रास लक्षात घेता तुम्हाला मात्र एएमटी घ्या असे सांगणार नाही.

नाशिकचा प्रवासी

आमच्याकडे एक लिटरचे टर्बो इंजिन आणि सीव्हीटी गिअरबॉक्स आहे. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात, दोन पुल्यांवरून फिरणाऱ्या पट्ट्यामुळे गुणोत्तर सलग बदलत राहते, त्यामुळे वर सांगितलेला धक्का मुळातच नसतो. कसारा घाटात माझ्या सासूबाई मागे बसून शांतपणे झोपतात, आणि त्यांनाही पूर्वी गाडी लागत असे. टर्बोमुळे चढावर भरल्या गाडीतही जोर कमी पडत नाही, साध्या १.२ लिटरच्या इंजिनातून साधारण ११५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो, तर या वर्गातल्या एक लिटरच्या टर्बो इंजिनांतून सुमारे १५०. पाच माणसे आणि आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढताना हा फरक अगदी स्पष्ट कळतो.

न आवडलेल्या गोष्टीही सांगतो. ओव्हरटेक करताना पाय दाबला की आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मागाहून येतो. याची सवय होईपर्यंत मी ट्रकच्या मागेच राहत असे, आणि तेच योग्य होते. शहरात पेट्रोल सढळ लागते; महामार्गावर संयमाने चालवली तर ॲव्हरेज समाधानकारक मिळते. तिसरी गोष्ट थरथरीची. इंजिन तीन सिलिंडरचे असल्यामुळे सिग्नलवर उभे असताना स्टिअरिंगमध्ये आणि सीटमध्ये थोडी थरथर जाणवते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो आणि पिस्टन एकमेकांना बऱ्यापैकी तोलून धरतात. तीन सिलिंडरमध्ये हा तोल तितका साधत नाही. पंच आणि मॅग्नाइट तीन सिलिंडरच्या आहेत, एक्स्टर चारची आहे. आईंना पुढच्या सीटवर बसवून, एसी चालू ठेवून, गाडी काही मिनिटे जागेवरच चालू ठेवून पाहावी.

लांज्याची माहेरवाशीण

गिअरबॉक्सविषयी जाणकार लिहीत आहेतच. मी चढण्या-उतरण्याविषयी लिहिते, कारण माझ्या आईचेही गुडघे बदललेले आहेत आणि गाडी घेताना आम्ही सर्वांत जास्त विचार त्याचाच केला.

उंच गाडीचा उपयोग होतो, आणि तो खड्ड्यांपेक्षा इथे अधिक होतो. बुटक्या गाडीत बसताना माणसाला गुडघे पूर्ण वाकवून खाली जावे लागते आणि उतरताना स्वतःला वर उचलावे लागते. क्रॉसओव्हरची सीट मांडीच्या उंचीच्या आसपास येते, त्यामुळे आधी टेकायचे आणि मग पाय आत घ्यायचे, एवढेच करावे लागते. ज्या गाडीचे दार काटकोनात उघडते तिथे हे आणखी सोपे जाते. पंचची दारे अशी उघडतात आणि आईला ती फार सोयीची वाटली.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. या गाड्यांच्या दाराखालचा उंबरा रुंद असतो. लुगडे नेसलेल्या बाईला पाय उंच उचलून त्या उंबऱ्याच्या पलीकडे टाकावा लागतो, आणि पावसात उंबऱ्यावर उडालेला लाल चिखल लुगड्याच्या काठाला लागतोच. काही गाड्यांत दाराचा खालचा भाग उंबरा झाकून खालपर्यंत येतो, त्यामुळे तो कोरडा राहतो; काहींत येत नाही. शोरूममधली गाडी नेहमी धुतलेली असते, म्हणून हे तिथे दिसत नाही. दार उघडून खाली वाकून पाहा.

दुसरे, मागच्या सीटचे. मागे तीन मोठी माणसे बसवायची असतील तर मधल्या माणसाचे हाल होतात. आमच्याकडे तो मान धाकट्या भावाला मिळतो आणि तो मलकापूर येईपर्यंत जागा बदलून मागतो. तुम्ही चौघेच असाल तर हा प्रश्न येणार नाही.

आई-वडिलांना शोरूममध्ये न्या आणि त्यांना एकदाच बसवू नका. दोन्ही दारांनी, दोन्ही सीटवर, चार-पाच वेळा बसायला-उठायला सांगा. पहिल्यांदा सगळेच ‘बरी आहे’ म्हणतात.

शाहूपुरीचे गॅरेज

ओणीकर साहेब, माझे कोल्हापुरात गॅरेज आहे आणि कोकणात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे पुष्कळ येतात. तुमचे सहकारी खूश आणि आतेभाऊ नाराज, याचे कारण बहुधा दोघांचा रस्ता वेगळा असणार. एकाच मॉडेलच्या गाड्या सपाट भागात उत्तम चाललेल्या आणि घाटात क्लच जळालेल्या, अशा दोन्ही आम्ही उघडून पाहिल्या आहेत.

एएमटीचा क्लच लवकर जातो तो बहुतेक वेळा एकाच सवयीने. चढावर रांगेत गाडी थांबली की चालक ब्रेक लावत नाही, ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर धरून ठेवतो. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत, जोर तेलातून जातो, त्यामुळे ते थोडा वेळ खपते. एएमटीमध्ये आत साधीच क्लच प्लेट असते आणि ती सतत घासत राहते. आपण मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी धरतो तसेच हे आहे, फक्त पायाला ते जाणवत नाही. जळका वास येईपर्यंत पुष्कळ झीज झालेली असते. म्हणून चढावर थांबलात की पूर्ण ब्रेक, जास्त वेळ थांबायचे असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. हिल होल्ड असलेली गाडी घ्या; ब्रेकवरून पाय उचलल्यावर ती काही क्षण गाडी मागे सरकू देत नाही.

तुमच्या आईंना गाडी लागते, म्हणून घाटमाथा यांचा सल्ला मलाही पटतो. पण गिअरच्या धक्क्यांइतकेच गाडीच्या झुकण्यानेही मळमळ होते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे वळणात ती हॅचबॅकपेक्षा जास्त कलते. गाडी नवी असताना हे फारसे त्रास देत नाही. खराब रस्त्यांवर वापर झाला की सस्पेन्शनमधले लिंक रॉड, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर ढिले पडतात आणि मग झुकणे वाढते. लोक फक्त ‘खडखड आवाज येतो’ म्हणून गाडी घेऊन येतात, आणि ते काम झाल्यावर सांगतात की घरच्यांची मळमळही कमी झाली. टायरमध्ये हवा कंपनीने दारावर लिहिली आहे तेवढीच ठेवा. गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवणारे चालक वळणात आणखी झुकणारी गाडी ओढवून घेतात.

ग्राउंड क्लिअरन्सच्या, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतल्या अंतराच्या, आकड्यांवर फार भांडू नका. पंचचा १८७ मिलिमीटर, एक्स्टरचा १८५, फ्रॉन्क्सचा १९० आणि मॅग्नाइटचा २०५ सांगितला जातो, पण हे आकडे सहसा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसे आणि सामान भरले की गाडी बरीच खाली बसते. गतिरोधकावर पोट घासते की नाही हे दोन चाकांमधल्या अंतरावरही ठरते. पंचमध्ये ते २४४५ मिलिमीटर आहे आणि फ्रॉन्क्समध्ये २५२०, म्हणून आकडा थोडा कमी असूनही आखूड गाडी उंच गतिरोधकावरून सहज निघून जाते असे होऊ शकते.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलविषयी हल्ली सगळेच विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाने ॲव्हरेज थोडे कमी होणारच. नवी गाडी घेत असाल तर काळजीचे कारण नाही, कारण एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी भाग आणि पाइप या पेट्रोलला चालतील असे बनवलेले असतात. जुनी वापरलेली क्रॉसओव्हर घेणार असाल तर तिच्या उत्पादनाचा महिना जरूर पाहा.

माण-खटाव

मी अशी गाडी घेऊन विकणाऱ्यांपैकी आहे, म्हणून कारणे सांगतो. गाडी वाईट नव्हती. आम्ही पाच जण आहोत आणि सामान पुष्कळ असते, तिथे ती अपुरी पडली.

या गाड्या चार मीटरच्या आत का असतात, तर पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत असली की कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर ४० टक्के. या मर्यादेमुळे कंपनीला कुठेतरी काटकसर करावी लागते. फ्रॉन्क्समध्ये चाकांतले अंतर जास्त आहे, मागे पाय मोकळे राहतात, पण डिकी ३०८ लिटरची आहे. एक्स्टरमध्ये डिकी ३९१ लिटरची आणि पंचमध्ये ३६६ लिटरची आहे, पण चाकांतले अंतर कमी असल्यामुळे मागे गुडघ्यांना जागा बेताची मिळते. शोरूममध्ये उंच बॉनेट आणि काळे प्लास्टिक पाहून गाडी मोठी वाटते. आतली जागा मात्र हॅचबॅकएवढीच असते. गाडी घेण्याआधी मी हे मोजमाप पाहायला हवे होते, असे नाही. तेव्हा मुले लहान होती आणि गाडी पुरत होती. ती वाढली आणि गाडी लहान पडली.

तुमच्या घरात माणसे किती आणि पुढच्या सात-आठ वर्षांत किती होणार, याचा हिशोब आधी करा.

ओणीकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही चौघेच प्रवास करतो, त्यामुळे जागेची अडचण येणार नाही. एएमटीचा विचार सोडून दिला आहे. आता टर्बो इंजिनाबरोबर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी घ्यावी, की साधे इंजिन आणि मॅन्युअल घेऊन उरलेले पैसे बाजूला ठेवावेत, एवढाच प्रश्न उरला आहे. शिवाय शेवाळलेल्या चढाविषयी कोणी लिहिले नाही. क्रॉसओव्हर घेतली की तो चढ सहज चढता येईल, असे वडिलांनी गृहीत धरले आहे.

शाहूपुरीचे गॅरेज

वडिलांची ही समजूत आत्ताच दूर करा. तुम्ही पाहिलेल्या चारही गाड्यांत फक्त पुढची चाके ओढतात. दिसायला त्या जीपसारख्या असल्या, तरी ओल्या चढावर तुमच्या जुन्या हॅचबॅकपेक्षा वेगळे काही करू शकणार नाहीत. चढावर वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि शेवाळावर जागीच फिरू लागतात. अशा वेळी जास्त रेस देऊ नका. जागा असेल आणि मागचे नीट दिसत असेल, तर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवा. मग ओढणारी चाके उताराच्या बाजूला येतात, त्यांच्यावर वजन पडते आणि पकड मिळते. गडग्यांमधल्या अरुंद वाटेवर एक माणूस मागे उभा करून, अगदी सावकाश हे करायचे.

पहिल्या प्रश्नाविषयी, हिंजवडीची रोजची गर्दी आणि आईंचा घाट, दोन्ही सांभाळायचे असतील तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या. फ्रॉन्क्समध्ये एक लिटर टर्बोबरोबर सहा गिअरचा तो मिळतो. पेट्रोल थोडे जास्त लागेल, पण देखभाल सरळ आहे आणि चढावर थांबायला तो निर्धोक आहे. सीव्हीटी घेतलीत तर तिचे तेल वेळच्या वेळी आणि कंपनीने सांगितलेलेच बदला. इथे काटकसर केलेली गाडी पुढे मोठा खर्च काढते. बजेट ताणले जात असेल तर मॅन्युअल घेण्यात काहीच कमीपणा नाही. घाटात हलक्या पायाने चालवलेली मॅन्युअल गाडी आत बसलेल्याला सर्वांत कमी त्रास देते.

लांज्याची माहेरवाशीण

चढाविषयी एक भर घालते. आमच्या घराच्या उतारावर दर वर्षी पाऊस सुरू झाल्यावर आणि पुन्हा श्रावणात ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने शेवाळ घासून काढतात. गणपतीला येण्याआधी आठवडाभर गावातल्या कोणाला तरी सांगून हे करून घ्या. आई-वडिलांना तो चढ पायी चढावा लागला तरी मग पाय घसरण्याची भीती राहत नाही. आणि आईंना पाचल सोडेपर्यंत काही खायला देऊ नका, अशी पद्धत अनेक घरांत आहे, ती पाळू नका. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. मलकापूरला थांबून थोडी कोरडी भाकरी किंवा चुरमुरे द्या, मग घाट उतरा.